अफवा आधी पोहोचते, खुलासा मागून येतो: राईनपाड्याच्या घटनेतून संस्थांनी सोशल मीडियाबद्दल काय शिकायचं?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८ ला, रविवारी, तिथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांवर 'मुलं पळवणारी टोळी' असा संशय घेतला गेला. जमावानं त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेही मारहाण सुरूच ठेवली. पाचही जणांचा जीव गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. त्यांच्यापैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा परिसरातले होते.

मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे मेसेज त्याआधी या भागातल्या मोबाइलवर फिरत होते. शेजारच्या मालेगावातही त्याच सुमारास अशाच संशयावरून जमावानं एका कुटुंबाला घेरलं होतं. पोलीस वेळेत पोहोचले म्हणून ते वाचले.

'सोशल मीडिया स्ट्रॅटेजी' म्हटलं की लाइक, फॉलोअर, हॅशटॅग आठवतात. पण ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, दवाखाना किंवा पोलीस ठाणं यांच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. खोटी बातमी पसरेल त्या दिवशी लोक तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवतील का?

राईनपाड्यानंतर काय बदललं?

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपनं 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

१७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला प्रकरणात निकाल दिला. जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमावा आणि अशा हिंसेचे परिणाम गंभीर असतील हे रेडिओ, टीव्ही आणि सरकारी वेबसाइटवरून लोकांना सांगावं, असे निर्देश त्यात आहेत. १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी तिच्या कलम १०३(२) मध्ये जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे.

म्हणजे ॲप बदललं, कायदाही बदलला. संस्थांनी स्वतः काय बदलायचं, ते पुढे पाहू.

१. आधी ओळख, मग खुलासा

एरवी वर्षभर गप्प असलेलं पेज संकटाच्या दिवशी अचानक 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणतं, तेव्हा ते कुणी वाचत नाही. पाणी कधी येणार, रेशन कधी मिळणार, लसीकरण कुठे आहे, बसची वेळ बदलली का, अशी रोजची माहिती त्याच नंबरवरून, त्याच नावानं येत राहिली तर लोकांना तिची सवय होते. ही सवय हीच संस्थेची खरी कमाई. ती एका दिवसात तयार होत नाही.

२. फॉलोअर मोजण्याआधी ग्रुप मोजा

गावाच्या फेसबुक पेजला दहा हजार फॉलोअर असतील, पण त्यातले निम्मे पुण्या-सुरतेत कामाला गेलेले असतील, तर बाजारातल्या गर्दीपर्यंत त्याचा काय उपयोग? त्याऐवजी एक साधी यादी करा. पालकांचा ग्रुप, बचत गट, दूध डेअरी, रिक्षा स्टँड, केळीचे व्यापारी, तरुण मंडळं. प्रत्येक ग्रुपचा ॲडमिन कोण, त्याचा नंबर कुणाकडे आहे, हे लिहून ठेवा. वेळ आली की वीस ॲडमिनना केलेले वीस फोन पेजवरच्या पोस्टपेक्षा लवकर काम करतात.

३. लोकांच्या बोलीत बोला

'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी' ही भाषा कार्यालयाच्या फलकावर चालते. धुळे, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी बोलली जाते, तर रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि सातपुड्यात आदिवासी बोली आहेत. अफवा सहसा ओळखीच्या माणसाच्या, घरच्या बोलीतल्या व्हॉइस मेसेजमधून येते. खुलासाही तसाच यायला हवा. आशा सेविका, मुख्याध्यापक किंवा पोलीस पाटील यांच्या आवाजातला ३० सेकंदांचा मेसेज वाचता न येणाऱ्या आजीलाही समजतो.

४. पहिला मेसेज लवकर आणि छोटा

पूर्ण माहिती हाती येईपर्यंत थांबलं की मधली जागा अफवा भरून काढते. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. किमान १२ जणांचा जीव गेला. तिथे मोबाइलचीही गरज पडली नाही. भीती आणि काही क्षण पुरेसे होते.

म्हणून पहिल्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी असाव्यात: काय माहीत आहे, लोकांनी काय करायचं आणि पुढची माहिती कधी मिळेल. पोलीस ठाण्यातून खात्री करून घेतल्यावर तो असा लिहिता येईल:

'मुलं पळवल्याची एकही तक्रार आपल्या पोलीस ठाण्यात नाही. अनोळखी माणूस दिसला तर हात उचलू नका, ११२ ला फोन करा. पुढची माहिती ११ वाजता. – ग्रामपंचायत, १२ मार्च, सकाळी १०:१५'

तारीख आणि वेळ विसरू नका. त्याशिवाय हाच मेसेज सहा महिन्यांनी पुन्हा फिरतो आणि नवा गोंधळ होतो. '११ वाजता' लिहिलं असेल तर नवीन काही नसलं तरी ११ वाजता बोला.

५. खोटं खोडताना तेच पसरवू नका

खोट्या व्हिडिओवर लाल फुली मारून तो पुन्हा शेअर करणं धोक्याचं आहे. पुढे कुणी फुली कापतं आणि व्हिडिओ उरतो. सुरुवात खऱ्या माहितीनं करा, अफवेचा उल्लेख एका वाक्यात ठेवा आणि शेवटी खरी माहिती पुन्हा सांगा.

६. आपला व्हिडिओ कुणी कापला तर?

त्या काळात भारतभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसतात. मुळात तो कराचीतल्या एका स्वयंसेवी संस्थेचा जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवण्याचा संदेश दाखवतात. हा शेवट कापून उरलेला भाग 'खरी घटना' म्हणून फिरवला गेला.

धडा सोपा आहे. संस्थेचं नाव आणि 'हे नाट्यरूपांतर आहे' ही ओळ शेवटी न ठेवता पूर्ण व्हिडिओभर दिसू द्या. व्हिडिओ टाकण्याआधी विचारा: याचे पहिले दहा सेकंदच कुणी पाहिले तर त्याला काय वाटेल?

७. रविवारी फोन कोण उचलणार?

राईनपाड्याची घटना रविवारची, बाजाराच्या दिवसाची. बऱ्याच संस्थांचं सोशल मीडिया मात्र सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा चालतं. पासवर्ड एकाच माणसाकडे आणि तो सुट्टीवर. किमान दोन जणांकडे जबाबदारी द्या. सुट्टीच्या दिवशी पोस्ट टाकण्याची परवानगी कोण देणार, हे आधीच ठरवा. कमेंटमध्ये कुणी 'हे खरं आहे का?' विचारलं तर तो त्रास समजू नका. अफवा आल्याची ती पहिली खबर असते.

८. ॲडमिनची जबाबदारी

ग्रुपमधल्या दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं. दोघांचा समान हेतू किंवा आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. तरी संस्थेच्या ग्रुपवर ॲडमिननं हातावर हात ठेवून बसू नये. तणावाच्या काळात 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' हे सेटिंग सुरू करता येतं आणि इतरांनी टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीटही करता येतो. ग्रुप बंद ठेवला तर कारण सांगा आणि शंका विचारायला एक नंबर द्या. नाहीतर तीच चर्चा दुसऱ्या ग्रुपवर सुरू होते.

९. मोबाइलच्या बाहेरही बोला

बाजारातला भोंगा, घंटागाडीचा स्पीकर, मंदिर-मशिदीचा माइक, दवंडी ही माध्यमं अजूनही आहेत. मोबाइलवर गेलेला मजकूरच तिथून ऐकू आला, तर लोकांना तो खरा वाटतो.

यश कसं मोजायचं?

महिन्याच्या अहवालात लाइकचा आकडा असू द्या, पण त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहा. अफवा कळल्यापासून पहिला खुलासा जायला किती मिनिटं लागली? किती ॲडमिननी तो पुढे पाठवला? आणि किती लोकांनी फॉरवर्ड करण्याआधी संस्थेला विचारलं? यातला तिसरा आकडा वाढत असेल तर काम योग्य दिशेनं चाललं आहे.

तुम्ही संस्थेत नसाल, फक्त ग्रुपमध्ये असाल, तरी एक गोष्ट आजच करता येईल. जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर सेव्ह करा. मुलांबद्दलचा भीती घालणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी तिथे विचारा. मूल खरंच संकटात असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन नंबर आहे.