न खोडलेला श्लोक

शीख धर्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तलवार उभी राहते. श्रोतेहो, आज आम्ही ग्रंथापासून आरंभ करणार आहोत.

१६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी अमृतसर येथे आदिग्रंथ सिद्ध केला. लेखणी भाई गुरुदासांची. गुरूंच्या वाणीबरोबरच त्यांत कबीर विणकर, रविदास चर्मकार, सैन न्हावी, धन्ना शेतकरी यांची वाणी आहे. आणि आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत. ही नामावळी वाचताना आम्हांस संघटनेचे सभासद-रजिस्टर आठवते. पुढे नवव्या गुरूंची वाणीही त्यांत आली आणि १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथालाच गुरुपद दिले. त्यापुढे माथा टेकणारा या कष्टकऱ्यांच्या शब्दांपुढेही माथा टेकतो.

इथवर पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांस थांबविले ते शेख फरीदांनी. हे सूफी मुसलमान संत नानकदेवांच्या जन्मापूर्वी दोन शतके होऊन गेले. त्यांच्या मथळ्याखाली १३० श्लोक आहेत. त्यांतले १८ गुरूंचे. एके ठिकाणी फरीद देह तापवून, झिजवून परमेश्वराकडे जाऊ म्हणतात. लागलीच नानकदेवांचा श्लोक येतो : देहाला जाळण्याचे कारण नाही, त्याला अंतरातच पाहावे, असा त्याचा आशय. मतभेद उघड आहे. पण फरीदांचा श्लोक कोणी खोडला नाही. दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही पूज्य आहेत.

हीच वृत्ती पुढे कसोटीला लागली. नानकदेवांनी जानवे नाकारले होते. परंतु जानवे घालणाऱ्या काश्मिरी पंडितांच्या धर्मरक्षणासाठी नववे गुरू तेगबहादुर उभे राहिले, असे शीख परंपरा सांगते. १६७५ साली दिल्लीत त्यांचा शिरच्छेद झाला.

आता आमची कबुली. एका सभेत एका जुन्या कामगाराने आमच्या ठरावाला विरोध केला. इतिवृत्त लिहिताना आम्ही त्याचे म्हणणे गाळले आणि 'ठराव एकमताने संमत' असे लिहिले. तो गृहस्थ पुन्हा सभेला आला नाही. आम्ही त्याला शिवी दिली नव्हती. फक्त एक ओळ गाळली होती. फरीदांचे श्लोक वाचले त्या दिवशी ती ओळ किती मोठी होती ते आम्हांस कळले.