एफेड्रा : धापेच्या औषधापासून बारीक होण्याच्या गोळीपर्यंत

एफेड्रा ही कोरड्या, खडकाळ, उंचावरच्या प्रदेशात वाढणाऱ्या झुडपांची प्रजाती आहे. पाने इतकी बारीक, की लांबून नुसता हिरव्या, पेरे असलेल्या काड्यांचा जुडगा दिसतो. उत्तर चीन, मंगोलिया, इराण, बलुचिस्तान आणि लाहौल-स्पितीपासून लडाखपर्यंतचा हिमालय हा तिचा मुलूख. चिनी वैद्यकात तिचे नाव ‘माहुआंग’, तर भारतात हिमालयातील एक जात ‘सोमलता’ म्हणून ओळखली जाते. वेदांतील सोम तो हाच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इराणमधील जरथुष्ट्री मात्र आपल्या विधीतील ‘होम’ म्हणून हीच काडी वापरतात, आणि मुंबईतील पारशी धर्मगुरूही यस्न विधीत तिच्या वाळलेल्या काड्या कुटतात. चिनी वैद्य ती घाम आणण्यासाठी, खोकल्यावर आणि धाप लागल्यावर देत असत. ती इतर वनस्पतींबरोबर उकळून काढ्यात जाई, आजार असेपर्यंतच घेतली जाई आणि वैद्याच्या देखरेखीखाली दिली जाई. धडधाकट माणसाने ती महिनोन्‌महिने रोज खावी, अशी प्रथा कुठेच नव्हती. पुढे ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून ही वनस्पती विकली गेली तेव्हा नेमका हाच तपशील गळाला.

वनस्पतीतील मुख्य द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये वेगळे केले आणि त्याला एफेड्रिन हे नाव मिळाले. त्यानंतर जवळजवळ चार दशके पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे फारसे पाहिले नाही. 1923–24 मध्ये पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी त्याचे गुणधर्म तपासले, तेव्हा ते अॅड्रेनॅलिनचे सख्खे भावंड निघाले. दोघांत एक मोठा फरक होता. अॅड्रेनॅलिन पोटातून घेता येत नाही आणि टोचले तर थोडाच वेळ टिकते. एफेड्रिन गोळीतून घेता येते आणि काही तास काम करते. दम्याच्या रुग्णांसाठी ही फार मोठी सोय होती. मागणी वाढली आणि चीनमधून येणारी काडी पुरेनाशी होईल अशी धास्ती निर्माण झाली. त्यामुळे प्रयोगशाळेत पर्याय शोधण्याची धडपड सुरू झाली. लॉस एंजेलिसमधील गॉर्डन अॅलेस यांनी याच शोधात 1929 मध्ये अॅम्फेटामिनचा परिणाम स्वतःवर अजमावला. या औषधाने भूक मरते हे लवकरच ध्यानात आले, आणि पुढची तीन दशके अमेरिकेत बारीक होण्यासाठी अॅम्फेटामिनच्या रंगीबेरंगी गोळ्या डॉक्टरांच्या हातून वाटल्या गेल्या. व्यसन, झोप उडणे, भ्रम आणि मृत्यू यांचा बोभाटा झाल्यावर 1970 च्या दशकात त्यांना लगाम बसला. वजन घटवण्याच्या बाजारात त्यामुळे एक जागा रिकामी झाली.

ती जागा भरण्याची वाट डेन्मार्कमधून गेली. 1972 मध्ये हेल्सिंगोर, म्हणजे एल्सिनोर, या गावातल्या एका डॉक्टरच्या लक्षात आले, की दम्यासाठी एफेड्रिन, कॅफिन आणि फेनोबार्बिटाल यांचे मिश्रण घेणाऱ्या रुग्णाचे वजन आपोआप उतरते आहे. ‘एल्सिनोर गोळी’ची ख्याती पसरली आणि हजारो लोक ती घेऊ लागले. मग त्वचेवर भयंकर पुरळ उठण्याच्या तक्रारी आल्या. दोष फेनोबार्बिटालकडे गेला, ते वगळण्यात आले आणि उरलेल्या जोडीची रीतसर चाचणी झाली. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 मिलिग्रॅम एफेड्रिन आणि 200 मिलिग्रॅम कॅफिन दिवसातून तीनदा, कमी उष्मांकाच्या आहारासह, 24 आठवडे देण्यात आले. या गटाचे वजन सरासरी 16.6 किलो, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे 13.2 किलो घटले. गोळीचा स्वतःचा वाटा म्हणजे सुमारे साडेतीन किलो, बाकी सगळी करामत आहाराची. डेन्मार्कने ही जोडी औषध म्हणूनच विकू दिली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि 2002 मध्ये तीही बाजारातून गेली.

या जोडीचे काम समजायला सोपे आहे. एफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन सोडवते. हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, शरीर उष्णता जास्त निर्माण करते आणि भूक मंदावते. हा परिणाम वाढू लागला, की शरीर स्वतःच ब्रेक लावते. कॅफिन तो ब्रेक सैल करते. म्हणजे दोन्ही एकत्र घेतल्यावर परिणाम नुसता मिळवला जात नाही, तो लांबतो. चरबी जाळणारी उष्णता आणि हृदयावरचा ताण एकाच नळाला येतात, त्यामुळे एकच हवे आणि दुसरे नको असे म्हणता येत नाही. उकाड्यात, पाणी कमी पिऊन, उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्या माणसात हा हिशेब सर्वांत आधी चुकतो.

अमेरिकेत मात्र हे मिश्रण औषधाच्या दारातून आलेच नाही. ते आले खाद्याच्या दारातून. ऑक्टोबर 1994 मध्ये पूरक आहाराविषयीचा नवा कायदा झाला. सिनेटर ऑरिन हॅच हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या युटा राज्यात हा धंदा जोरात होता. या कायद्याने वनस्पतींचे अर्क औषधांतून वगळून पूरक आहारात घातले. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे कंपनीला सिद्ध करावे लागते. पूरक आहाराच्या बाबतीत ते धोक्याचे आहे हे अन्न व औषध प्रशासनाला सिद्ध करावे लागे, तेही माल विकला जाऊ लागल्यावर. ग्राहकांच्या तक्रारी सरकारला कळवण्याचेही बंधन कंपन्यांवर नव्हते. पुढच्या दहा वर्षांचा सारा घोळ या उलट्या मांडणीतून निघाला.

सॅन दिएगोच्या मेटाबोलाइफ कंपनीची ‘356’ नावाची गोळी या काळातील सर्वांत गाजलेली. एका गोळीत माहुआंगच्या अर्कातून 12 मिलिग्रॅम एफेड्रिन आणि ग्वारानातून 40 मिलिग्रॅम कॅफिन. दोन्ही वनस्पतीतून आलेले, म्हणून लेबलवर दोन्ही ‘नैसर्गिक’. पण झाडाच्या काडीत द्रव्य किती, हे जात, जमीन आणि तोडणीचा हंगाम यांवर ठरते. 2000 मध्ये 20 उत्पादनांची तपासणी झाली. निम्म्यांमध्ये लेबलवरचा आकडा आणि आतला माल यांत 20 टक्के किंवा अधिक तफावत होती, आणि एकात तर हे द्रव्य नव्हतेच. दम्याच्या गोळीत डॉक्टरला मात्रा ठाऊक असते. इथे ती विकणाऱ्यालाही नेमकी ठाऊक नसायची.

प्रशासनाने 1997 मध्ये एका वेळी 8 मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि सलग सात दिवसांपर्यंतच, अशी मर्यादा सुचवली. ती टिकली असती तर वजन घटवण्याचा दावाच निकालात निघाला असता, कारण सात दिवसांत कोणी बारीक होत नाही. उद्योगाने जोरदार विरोध केला, संसदेच्या लेखापरीक्षकांनीही पुरावा अपुरा ठरवला आणि 2000 मध्ये मात्रेचे हे बंधन मागे घेण्यात आले. त्याच वर्षाअखेर हॅलर आणि बेनोविट्झ या संशोधकांनी प्रशासनाकडे आलेल्या 140 तक्रारी एकेक करून तपासल्या. 31 टक्के प्रकरणांत संबंध निश्चित किंवा बहुधा होता, आणखी 31 टक्क्यांत तो शक्य होता. त्यांत रक्तदाब, हृदयाची अनियमित धडधड, पक्षाघात, फेफरे आणि मृत्यू होते. मेटाबोलाइफने आपल्याकडे गंभीर तक्रार आलेली नाही असे प्रशासनाला लिहून दिले होते. 2002 मध्ये चौकशीचा फास आवळल्यावर तिने तेरा हजारांहून अधिक तक्रारींच्या नोंदी स्वाधीन केल्या. खोटे सांगितल्याबद्दल संस्थापक मायकेल एलिस यांना पुढे सहा महिन्यांची कैद झाली.

फेब्रुवारी 2003 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा 23 वर्षांचा गोलंदाज स्टीव्ह बेक्लर फ्लोरिडातील सराव शिबिरात कोसळला. वजन उतरवण्यासाठी तो एफेड्रा घेत होता आणि नीट जेवतही नव्हता. त्याच्या अंगाचे तापमान 42 अंश सेल्सिअसपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने त्याचा मृत्यू झाला. त्याला आधीपासून रक्तदाबाचा त्रास होता, त्यामुळे सारा दोष गोळीचा नाही असा युक्तिवाद झाला. पण रक्तदाब असूनही आपल्याला तो आहे हे ठाऊक नसलेली माणसे त्या गोळीच्या ग्राहकांत किती असतील, याचे उत्तर त्या युक्तिवादात नव्हते. त्याच वर्षी रँड संस्थेच्या अहवालाने हिशेब मांडला. दिखाऊ गोळीच्या तुलनेत महिन्याला जेमतेम किलोभर जास्त वजन उतरते, तेही थोड्या महिन्यांपुरते. त्या बदल्यात धडधड, मानसिक त्रास आणि पोटाच्या तक्रारी यांची शक्यता दुप्पट ते तिप्पट. दुसऱ्या एका अभ्यासात, वनौषधींच्या विक्रीत एफेड्राचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, पण वनौषधींच्या दुष्परिणामांच्या तक्रारींत 64 टक्के असे आढळले.

12 एप्रिल 2004 पासून एफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी आली. युटातील न्यायालयाने 2005 मध्ये कमी मात्रेपुरती ती अमान्य केली, पण 2006 मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. बंदी फक्त पूरक आहारावर होती. चिनी वैद्यांचे पारंपरिक उपचार आणि औषध म्हणून नोंदलेले एफेड्रिन तिच्या बाहेर राहिले. गंभीर तक्रारी कळवण्याची सक्ती करणारा कायदा डिसेंबर 2006 मध्ये झाला.

बंदीनंतर बाटल्यांवर ‘एफेड्रा नाही’ असे ठळक छापले जाऊ लागले. आत मात्र कडू संत्र्यातील सिनेफ्रिन आले, पुन्हा कॅफिनच्या जोडीने. मग डीएमएए आले. 1940 च्या दशकात एली लिली कंपनीने चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी हे द्रव्य काढले होते आणि नंतर सोडून दिले होते. 2006 च्या सुमारास ते जिरेनियमच्या झाडातील म्हणून परतले. 2011 मध्ये दोन सैनिकांच्या मृत्यूनंतर अमेरिकी लष्कराने आपल्या दुकानांतून ते काढले आणि 2012 मध्ये प्रशासनाने कंपन्यांना इशारे दिले. ‘ऑक्सिएलिट प्रो’ या उत्पादनातून डीएमएए गेले आणि त्याजागी इजेलिन घातले गेले. इजेलिन हे मुळात बेलाच्या पानांत आढळणारे द्रव्य. बाटलीत होते ते मात्र कारखान्यात बनवलेले. 2013 मध्ये हवाईत यकृताच्या तीव्र दाहाचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. काहींवर यकृतरोपण करावे लागले, एक जण दगावला, आणि त्या वर्षअखेर उत्पादन बाजारातून परत मागवण्यात आले.