रणगाड्यावरची धूळ काय सांगते? छोट्या प्रतिकृतीतला मोठा इतिहास

१)
१६ डिसेंबर १९७१. शकरगढ आघाडीवर, बसंतर नदीच्या पलीकडे, १७ पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे पाकिस्तानी चिलखती दलाच्या प्रतिहल्ल्याला तोंड देत होते. त्यांपैकी ‘फामागुस्ता’ या रणगाड्यावर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, वय अवघे २१. त्या दिवशी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. ‘फामागुस्ता’ मात्र उरला. युद्धानंतर त्याची डागडुजी झाली आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये तो जतन करण्यात आला.

२)
आता समजा, कोणी या रणगाड्याची १:३५ प्रमाणातली प्रतिकृती बनवायला घेतली. सुटे भाग जोडून झाले, हिरवा रंग चढला. यापुढचा प्रश्न इतिहासाचा आहे: त्या सकाळी ‘फामागुस्ता’ दिसत कसा होता? किती मळलेला, कुठे खरवडलेला, कुठे काजळलेला? प्रतिकृतीवर धूळ, चिखल, ओरखडे, गंज आणि तेलाचे डाग उमटवण्याच्या कामाला या छंदात ‘वेदरिंग’ म्हणतात. हे काम पुष्कळदा सजावट म्हणून केले जाते. पण रणगाड्यावरचा प्रत्येक डाग हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते, आणि विधान म्हटले की पुरावा आला.

३)
अंबरनाथ पूर्वेच्या रहिवाशांना ही गोष्ट घराजवळच पाहता येते. वालधुनी नदीच्या काठचे शिवमंदिर शिलाहार राजवटीतले. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ येतो. साडेनऊशेहून अधिक पावसाळे या बेसॉल्ट दगडावरून वाहून गेले आहेत. जिथे वरच्या थराची पुढे आलेली कड आडोसा देते, तिथले कोरीवकाम तुलनेने ठसठशीत राहते. जिथे पाण्याचा ओघळ सतत उतरतो, तिथे दगड काळवंडतो आणि झिजतो. भूगोलाच्या पुस्तकात याच क्रियेला ‘विदारण’ म्हणतात. पाणी वरून खाली जाते, खाचेत साचते, कडेवरून ठिबकते. हा नियम मंदिराच्या भिंतीला जसा लागू आहे, तसाच रणगाड्याच्या बुरुजालाही आहे.

४)
अंबरनाथ पूर्वेतच संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेली ही संस्था पुढे येथे आली. धातूंची झीज, गंज आणि त्यांपासून वाचवणारे रंगलेप हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड’ या रणगाडे व चिलखती वाहने बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा घटक आहे. म्हणजे दगडाची झीज, लोखंडाचा गंज आणि चिलखती वाहने या तिन्ही गोष्टी एकाच गावाच्या ओळखीच्या आहेत.

५)
प्रतिकृती मळवण्याची ही पद्धत मुळात नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना शत्रूची वाहने ओळखायला शिकवण्यासाठी छोट्या प्रतिकृती वापरल्या जात. तिथे आकार महत्त्वाचा होता. डाग त्यात अडथळाच आणते. युद्धानंतर प्लास्टिकचे सुटे संच बाजारात आले. आज सर्वत्र रूढ असलेल्या १:३५ या प्रमाणाचे मूळ मजेशीर आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची मोटारवर चालणारी प्रतिकृती काढली. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तिचा आकार ठरला, आणि तो मोजल्यावर मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला.

६)
पुढे अमेरिकेचे शेपर्ड पेन यांनी छोट्या प्रसंगदृश्यांतून प्रतिकृतीला कथा दिली. १९८० साली आलेले त्यांचे प्रसंगदृश्यांवरचे पुस्तक आजही छंदिष्टांच्या कपाटात आढळते. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी पातळ गडद रंग खाचांत मुरवणे आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळणे या दोन युक्त्या जगभर लोकप्रिय केल्या. नंतर मिग हिमेनेझ यांच्यासारख्या स्पॅनिश कारागिरांनी रंगपूड, तैलरंग आणि रंगछटांचे खेळ आणले. तंत्र वाढले, तसा एक धोकाही वाढला: तंत्र दाखवण्यासाठी डाग टाकणे. अशा प्रतिकृतीवर गंज असतो, पण त्या गंजाला तारीख नसते.

७)
तारीख का हवी? लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, पण त्याला वेळ लागतो. ओरखड्यातून उघड्या पडलेल्या पोलादावर आधी फिकट नारिंगी छटा येते. गडद तपकिरी, पापुद्रे सुटलेला गंज हे फार नंतरचे काम. पश्चिम आघाडीवर युद्ध पेटले ३ डिसेंबरला. बसंतरची लढाई त्यानंतर तेराव्या दिवशी झाली. चालत्या, देखभालीत असलेल्या, रंग शाबूत असलेल्या रणगाड्याच्या जाड चिलखतावर तेरा दिवसांत गंजाचे थर चढत नाहीत. संपूर्ण तांबूस झालेला ‘फामागुस्ता’ दिसायला आकर्षक वाटेल, पण तो १६ डिसेंबरचा नसेल.

८)
ही गफलत होते कुठून? बहुधा छायाचित्रांतून. युद्धानंतर छायाचित्रे काढली जातात ती बव्हंशी जळालेल्या, सोडून दिलेल्या रणगाड्यांची. आगीत रंग जळून जातो, तेलाचा पातळ थर जातो, चाकांवरचे रबर जाते; उघडे पडलेले पोलाद काही दिवसांतच तांबूस होते. त्या अवशेषाचा रंग पाहून धडधाकट रणगाडा रंगवला, तर मृत्यूनंतरची खूण जिवंतपणावर चिकटवल्यासारखे होते. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रांत आणखी एक फसगत असते: फिकट दिसणारा भाग धुळीचा आहे, उन्हाच्या तिरपेचा आहे की उडालेल्या रंगाचा, हे एका चित्रावरून ठरवता येत नाही. दुसऱ्या बाजूचे, दुसऱ्या वेळेचे चित्र शोधावे लागते.

९)
मग जतन केलेला मूळ रणगाडाच का पाहू नये? अवश्य पाहावा. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे स्वतंत्र संग्रहालयही आहे. तिथे निरनिराळ्या देशांचे रणगाडे एकत्र पाहायला मिळतात. आकार, जोड, झडपा, साखळीची कडी यांसाठी मूळ वस्तूसारखा साक्षीदार नाही. परंतु पृष्ठभागाबाबत हा साक्षीदार मुका असतो. जतन करायचे म्हणजे धुणे, गंज काढणे आणि नवा रंग देणे आले. धातू वाचवण्यासाठी ते आवश्यकच आहे, पण त्याच क्रियेत लढाईच्या दिवसाची धूळ कायमची जाते. चौकाचौकांत उभे असलेले निवृत्त रणगाडेही असेच: त्यांचा तुकतुकीत रंग रंगाऱ्याच्या शेवटच्या फेरीची तारीख सांगतो, युद्धाची सांगत नाही.

१०)
म्हणून उरतो तो घटनाक्रम. १५ डिसेंबरला ४७ इन्फंट्री ब्रिगेडने बसंतरपलीकडे पाय रोवले. अभियंते सुरुंगक्षेत्रातून वाट मोकळी करत होते. ती पुरी होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे धोका पत्करून पलीकडे गेले. सकाळी जरपाल गावाजवळ धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे चालून आले. एवढ्या तपशिलातूनही पृष्ठभाग उभा राहू लागतो. नदी ओलांडताना ओली माती साखळीला, चाकांना आणि पोटाखालच्या भागाला लागते. डिसेंबरची तिथली पहाट थंड आणि दवाची. वरच्या सपाट भागावरची आधीची धूळ दवाने ओलसर होऊन खाचांत सरकते. त्यावर पुन्हा कोरडी, फिकट धूळ बसते.

११)
रणगाड्याची रचनाही सांगते. सेंच्युरियनचे वजन ५० टनांहून अधिक, इंजिन पेट्रोलवर चालणारे. धुराडी मागच्या दोन्ही बाजूंना, साखळीवरील पत्र्यांवर. तापून तापून त्यांचा रंग प्रथम जळतो, म्हणून गंज दाखवायचाच असेल तर त्याची हक्काची जागा ती. तेल भरण्याच्या तोंडाभोवती गडद, चिकट डाग पडतात, कारण तिथे धूळ आणि तेल एकत्र होते. सैनिक ज्या कडेवर पाय ठेवून चढतात, ज्या झडपेवर हात टेकतात, तिथे रंग झिजून गुळगुळीत होतो. साखळीचा जमिनीला घासणारा भाग चकचकतो, बाकीचा मातकट राहतो. डाग माणसाच्या आणि यंत्राच्या हालचालीमागून जातात.

१२)
आता हे सारे हाताने कसे उतरते ते पाहू. आधी प्रायमर, मग हिरवा मूळ रंग. त्यावर चकचकीत वॉर्निश, म्हणजे क्रमांक व चिन्हांचे डिकल्स नीट बसतात. मग खाचांत मुरणारा पातळ गडद ‘वॉश’. त्यानंतर स्पंजच्या तुकड्याने किंवा बारीक कुंचल्याने ओरखडे, त्यांतल्या मोजक्या ठिकाणी नारिंगी कण, वरून खाली ओढलेले ओघळ. मग मॅट वॉर्निश. आणि सर्वांत शेवटी रंगपुडीची धूळ, चिखल, काजळी, तेल. अंबरनाथच्या पावसाळ्यात या टप्प्याला जपावे लागते. दमट हवेत फवारलेले वॉर्निश सुकताना पृष्ठभाग थंडावतो, त्यावर बाष्प धरते आणि सारे काम पांढरट पडते. कोरड्या दिवसाची वाट पाहणे हाच त्यावर उपाय.

१३)
या क्रमाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. उत्खननात खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे पुरातत्त्वाचे पहिले सूत्र. प्रतिकृतीवरही तेच आहे: रंग कारखान्यातला, ओरखडा वापरातला, चिखल आदल्या रात्रीचा, कोरडी धूळ सकाळची, तोफेच्या तोंडाची काजळी त्या तासाची. धुळीवर ओरखडा आला तर तो ताजा. ओरखड्यावर धूळ बसली तर तो जुना. थरांचा क्रम चुकला, तर शिवकालीन चित्रात घड्याळ काढावे तसा कालविपर्यास होतो. फक्त तो इतका सूक्ष्म असतो की सहसा कोणी बोट ठेवत नाही.

१४)
प्रमाणाचे गणितही विसरून चालत नाही. १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे मूळ रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरची जखम. दोन मिलिमीटर चिखल म्हणजे सात सेंटिमीटरचा थर. प्रत्यक्षातला धुळीचा पातळ पापुद्रा या प्रमाणात डोळ्यांना दिसणारही नाही, म्हणून धूळ जाडीने दाखवता येत नाही. ती फक्त रंगछटेने सुचवावी लागते. ‘थोडे कमीच’ हा अनुभवी कारागिरांचा सल्ला आवडीतून आलेला नाही. तो या भागाकारातून आला आहे.

१५)
शेवटी सर्वांत अवघड निवड उरते: कोणता क्षण? ‘फामागुस्ता’वर मारा झाला, त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून देण्यास सांगितले गेले, तेव्हा मुख्य तोफ अजून चालते आहे असे सांगून खेत्रपाल लढत राहिले. दुसरा मारा प्राणघातक ठरला. त्यांच्यासोबत सोवार नंदसिंग यांनाही मृत्यू आला. चालक प्रयागसिंग आणि तोफची नथुसिंग वाचले. सकाळी आठचा ‘फामागुस्ता’ आणि त्यानंतरचा ‘फामागुस्ता’ यांत काही तासांचे अंतर आहे, पण पृष्ठभाग पूर्ण वेगळे. दोहोंचे डाग एकाच प्रतिकृतीवर मिसळले, तर ती कोणत्याच क्षणाची राहत नाही.

१६)
पुरावा नसेल तिथे हात आवरता घेणे हाही इतिहासलेखनाचाच नियम. माऱ्याची नेमकी जागा दाखवणारे चित्र हाती नसेल, तर तिथे कल्पनेने भगदाड पाडू नये. प्रयागसिंग, नथुसिंग आणि नंदसिंग यांच्यासह खेत्रपाल ज्या रणगाड्यात होते, त्याची सकाळची अवस्था दाखवली तरी पुरे: मातीने जड झालेली साखळी, दवाने खाचांत उतरलेली धूळ, झडपेच्या कडेला हाताने झिजलेला रंग. सेंच्युरियनची ७.६ मीटरची काया या प्रमाणात जेमतेम पावणेबावीस सेंटिमीटर भरते. टेबलाच्या कोपऱ्यात मावते. त्या झडपेवरचा झिजलेला रंग माणसे तिथून आत उतरली होती, एवढे पाहणाऱ्याला सांगतो.