माडी : चव आणि वही

मद्याच्या इतिहासाची साधने बहुतांशी कर घेणाऱ्यांनी निर्माण केली आहेत, पिणाऱ्यांनी नव्हे. रत्नागिरीच्या माडीकडे पाहताना आम्हांला हे विशेष जाणवते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीवरील दहावा खंड १८८० सालचा. माडाचा रस काढणारे भंडारी त्यात नोंदले गेले. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, मुंबईचा अबकारी कायदा झाला होता. परवाने आणि झाडागणिक कर यांच्या वहीत माड मोजता येत होते. चव मोजता येत नव्हती.

ती चव मुळात घटकाभराची. न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक छाटायचे, खाली मडके अडकवायचे आणि रोज झाडावर चढून नवा काप द्यायचा. विरजण लागत नाही. हवेतले आणि मडक्यातले किण्वच रस आंबवते. पहाटे गोड असलेला रस दुपारी फेसाळतो, आंबूस होतो आणि पुढे शिरक्याकडे झुकतो. गोडी टिकवून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात.

फिनलंडच्या शेतघरांतील साहती या पेयाचीही हीच गत. बार्लीच्या मोडाचे, अनेकदा राय घातलेले हे पेय जुनिपरच्या डहाळ्यांवरून गाळतात; तेही ताजेच प्यावे लागते. तिथे १९१९ ते १९३२ दारूबंदी होती. आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. धान्य घराच्या कोठारात असते. माड उघड्यावर उभा असतो आणि त्यावर चढणारा माणूस साऱ्या गावाला दिसतो. म्हणून आम्हांला वाटते, माडीवर अंमल बसवणे राज्यसत्तेला अधिक सोपे गेले असावे, आणि त्याचा भार मुख्यतः एका जातीच्या पोटावर पडला.

साहतीला २००२ साली युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण फेणी ऊर्ध्वपातित, बाटलीत टिकणारी. न टिकणाऱ्या माडीचा वारसा बाटलीत नाही, चढणाऱ्याच्या हातात आहे. साहित्याच्या अभ्यासकाने कोकणचे वाङ्मय वाचताना माडाकडे केवळ निसर्गवर्णन म्हणून पाहू नये. त्या झाडावर कोणीतरी चढत होते, आणि त्याच्या प्रत्येक चढण्याचा हिशेब सरकार ठेवीत होते.