१४. ल्युसिफरेज चाचणी
ल्युसिफरेज हे काजव्याच्या पोटात उजेड पाडणारे विकर. फोटिनस पायरॅलिस या अमेरिकी काजव्यातले त्याचे जनुक १९८५ मध्ये जिवाणूत उतरवले गेले. १९८६ मध्ये ते घातलेल्या तंबाखूच्या रोपाला ल्युसिफेरिनचे पाणी दिले, तेव्हा त्याचा उजेड थेट फिल्मवर उमटला. चाचणीत, जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, म्हणजे प्रमोटरला, हे जनुक जोडतात. ही जोडी पेशींत घालतात. नंतर पेशी फोडून त्यांत ल्युसिफेरिन आणि एटीपी मिसळतात व पडलेला पिवळसर हिरवा उजेड ल्युमिनोमीटरने मोजतात. हा एकटा आकडा फसवा असतो, कारण प्रत्येक नमुन्यात पेशी सारख्या नसतात. म्हणून रेनिला या सागरी जीवाचे ल्युसिफरेजही सोबत मोजतात. मग या दोन वाचनांचे गुणोत्तर काढतात.