हत्यार कोणाचे काढले आणि कोणत्या रीतीने काढले?

अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांत आज असा कायदा आहे की, एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे असे कोर्टाला पटवून दिले, तर तातडीच्या आदेशाने त्याची बंदूक काढून घेता येते. गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागत नाही. बंदूकवाल्यांच्या संघटना याला हुकूमशाही म्हणतात. दुसऱ्या टोकाचे लोक विचारतात, जीव वाचत असेल तर सुनावणीचे लाड कशाला? आम्हाला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या शस्त्रबंदी सोसली, त्याने या प्रश्नाकडे आपल्या इतिहासाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही. ही बंदी कोणा एका माणसाच्या वागण्यावरून घातलेली नव्हती. जन्म हाच तिथे गुन्हा होता.

अमेरिकेतील काळ्या माणसांचा अनुभव वेगळा नाही. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. परवाना देणारे कोण, तर गोरे अधिकारी! १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारण्यात आला.

१९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. काळ्या वस्तीत पोलिसांच्या गाडीमागे बंदुका घेऊन गस्त घालायची, पोलिसांवर नजर ठेवायची, असा त्यांचा कार्यक्रम होता. तेव्हाच्या कायद्याला तो मान्य होता. मग कायदाच बदलला गेला. १९६७ च्या मलफर्ड कायद्याने भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी केली. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली आणि नॅशनल रायफल असोसिएशननेही पाठिंबा दिला. काळ्या हातात बंदूक दिसताच बंदूकप्रेम आटले! याच पँथरांचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे वाचकांना सांगायला नको.

आता त्याच कॅलिफोर्नियाचा दुसरा कायदा पाहू. २३ मे २०१४ रोजी आयला व्हिस्टा येथे एका तरुणाने सहा जणांचे जीव घेतले. त्याच्या घरच्यांना आधीच काळजी वाटत होती. पोलीस त्याच्या दारापर्यंत जाऊन आले होते, पण बंदुकांची चौकशी झाली नाही. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि २०१६ पासून लागू झाला. घरची माणसे किंवा पोलीस कोर्टात जाऊ शकतात. न्यायाधीश समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देऊ शकतात, पण २१ दिवसांच्या आत सुनावणी व्हावीच लागते. तिथे भक्कम पुरावा लागतो. तो टिकला तर एक ते पाच वर्षांची बंदी येते. ती उठवण्यासाठी वर्षातून एकदा अर्ज करता येतो.

असा आदेश हाती पडलेल्याने काय करायचे? पोलिसांनी मागताच बंदूक द्यायची. नुसता आदेश हाती आला असेल तर २४ तासांत ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती ४८ तासांत कोर्टात दाखल करायची. आदेश चुकीचा वाटला तरी तो मोडायचा नाही. भांडायची जागा सुनावणी आहे. तिथे हजर राहायचे, आपली बाजू आणि आपले साक्षीदार मांडायचे. गरीब माणूस नेमका इथेच अडकतो, कारण वकिलाला पैसे लागतात. म्हणून कोलोरॅडोने २०१९ च्या कायद्यात अशा माणसाला कोर्टाकडून वकील देण्याची सोय केली. आमच्या मते ती सोय सगळीकडे हवी.

तातडीचा अधिकार सरकारच्या हाती दिला की सुनावणीचा हक्क अधिक घट्ट बांधावा लागतो. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. कलम २१ मध्ये 'ड्यू प्रोसेस' येऊ शकले नाही, त्याची भरपाई म्हणून त्यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आजचे कलम २२ संविधान सभेत आणले. अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहणे, हे हक्क त्यात आहेत. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. घरातल्या बाईच्या जिवाला धोका असल्याचे कोर्टाने ठरवलेल्या पुरुषाची बंदूक काढणे त्यांनी वैध मानले. त्या बाईचा जगण्याचा हक्क बंदुकीच्या हक्काखाली दाबला गेला नाही, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे हाच विचार १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांत आहे. नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करता येतात. गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने देता येतात. मनूने घातलेली बंदी इथे पहिल्यांदा उलटी फिरली. पण नियम कागदावर राहिला तर त्याचा उपयोग काय? आपल्या जिल्ह्यात नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती दिले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीपुढे तो कागद ठेवा.

जात पाहून, रंग पाहून हत्यार काढले जाते ती गुलामी. धोका पाहून, पुरावा तपासून, समोरच्याला ऐकून हत्यार काढले जाते तो कायदा. हा फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार?

जय भीम!