दरड आणि दुसरी वाट

आषाढ महिन्यांत कोल्हापुराहून मुंबईस निघालेल्या मनुष्यानें पोहोंचण्याची वेळ कोणास सांगूं नये, हें आमच्याकडील शहाण्या माणसांस पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. इ. स. २०२४ च्या जुलै महिन्यांत मी मिरज जंक्शनच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभा असतां, एक लांबलचक गाडी हळूहळू येऊन समोर थांबली. डब्यांवरील पाट्या कोंकणांतील स्थानकांच्या होत्या. खिडकींतून एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "हें स्टेशन कुठलें हो?" मीं "मिरज" म्हणून सांगतांच ते क्षणभर स्तब्ध झाले व म्हणाले, "मिरज? आणि आमचें कुडाळ?" त्यांचें कुडाळ सह्याद्रीच्या पलीकडे, पश्चिमेस राहिलें होतें. गाडी मात्र पुणें, मिरज, बेळगांव, लोंढें असा वळसा घेऊन मडगांवाकडे चालली होती.

त्या महिन्यांत कोंकण रेल्वेला लागोपाठ दोन इजा झाल्या. ९ व १० जुलैस पेडणें येथील बोगद्यांत पाणी व चिखल शिरला. आणि १४ जुलैच्या सायंकाळीं खेड तालुक्यांत दिवाणखवटीजवळ दरड रुळांवर आली, ती दूर करून मार्ग मोकळा होण्यास सुमारें एक दिवस लागला. त्या वृद्ध गृहस्थांचा त्रागा अगदीं रास्त होता. परंतु वाट बंद झाली असतांहि ते चालत्या गाडींत बसलेले होते, ही गोष्ट आपोआप घडलेली नव्हती. तिच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळचा अनुभव उभा आहे. त्या अनुभवाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. कारण त्याच्याशीं आम्हां कोल्हापूरकरांचा जो संबंध आहे, तो आम्हीं अद्याप नीट ओळखलेला नाहीं असें मला वाटतें.

प्रथम इजेचें स्वरूप पाहूं. लोहमार्ग डोंगराच्या कडेनें नेतांना एका अंगास डोंगर तासावा लागतो व दुसऱ्या अंगास भराव घालावा लागतो. पावसाचें पाणी तासलेल्या कड्याच्या भेगांत व वरच्या मातींत मुरतें. त्यानें मातीचें वजन वाढतें आणि तिला धरून ठेवणारें घर्षण मात्र कमी होतें. अखेर एके क्षणीं तोल जातो व दरड खालीं येते. ही झाली वरून येणारी इजा. दुसरी इजा खालून होते: पाणी भरावाची माती धुऊन नेतें व रूळ अधांतरीं लोंबकळत राहतात. सामान्य प्रवाशास दोन्हींत भेद दिसत नाहीं. पण काम करणारास तो फार मोठा आहे. रुळांवर पडलेली दरड यंत्रें व मजूर लावून बहुधा कांहीं तासांत किंवा दिवसांत हलवितां येते. पायाच वाहून गेला, तर तेथें नवा आधार उभारावा लागतो, आणि त्यास आठवडेच नव्हे तर महिनेहि लागतात.

अशा वेळीं गाड्या चालू ठेवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे उतरून चालणें. हा उपाय आमच्या देशांत दरडीच्याहि आधींचा आहे. १८५३ मध्यें मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी धावली. पुढें १८५६ मध्यें रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्यें खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्यें भोर घाट तसाच उभा होता. १८६३ पर्यंत मुंबईचा प्रवासी खोपोलीस उतरे, पालखींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढे व खंडाळ्यास दुसऱ्या गाडींत बसे. मार्ग तुटला असतां तुटलेल्या जागेच्या दोन्ही अंगांस दोन गाड्या उभ्या करावयाच्या व मधला तुकडा माणसांनीं अन्य साधनानें ओलांडावयाचा, ही युक्ति तीच. आज पालखीच्या जागीं एस. टी. ची बस आली आहे, एवढाच काय तो फरक.

तो मधला तुकडा जोडण्यास काय पडलें, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. भोर घाटाचें काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, आणि ऐन भरांत ४०,००० हून अधिक मजूर! पहिल्या कंत्राटदारानें काम सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्यें हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट आपल्या नांवें चालवून इंजिनिअरांकडून पुरें करून घेतलें. पटकी व इतर तापांनीं किती मजूर त्या डोंगरांत गेले त्याला गणति नाहीं. इतकें करून १८६३ मध्यें घाट खुला झाला. आणि चारच वर्षांनीं, १८६७ च्या जुलैंत, घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला! डोंगरानें आपलें म्हणणें एवढ्या लवकर मांडलें होतें. लोहमार्ग एकदां बांधला म्हणजे झाला, असें सह्याद्रींत कधींच होत नाहीं. येथें मार्ग दरवर्षीं पावसाळ्यांत पुन्हां राखावा लागतो.

दुसरा उपाय शेजारच्या रुळाचा. जेथें जाण्याचा व येण्याचा असे दोन मार्ग आहेत, तेथें एक बंद पडल्यास दुसऱ्यावरून दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीनें सोडतां येतात. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण एकाच रुळावर समोरासमोरून गाड्या येऊं द्यावयाच्या म्हणजे प्राणांशीं खेळ. म्हणून लेखी परवान्यावांचून चालकानें पाऊल पुढें टाकावयाचें नाहीं, दोन्ही टोकांच्या स्टेशनमास्तरांनीं एकमेकांस विचारल्यावांचून परवाना द्यावयाचा नाहीं, असा कडक शिरस्ता असतो. कर्जत ते लोणावळा या चढणीवर तर तीन मार्ग आहेत. २०१९ च्या पावसाळ्यांत तेथें वारंवार इजा होऊन मार्ग दीर्घकाळ अडले, तेव्हां उरलेल्या रुळांवरून शक्य तितक्या गाड्या चालविण्यांत आल्या, आणि कोयना एक्सप्रेससारख्या आमच्याकडील गाड्या कांहीं काळ पुण्यासच थांबविण्यांत आल्या. त्याबद्दल येथें पुष्कळ कुरकूर झाली. पण यांत एक हिशेब असतो. मुंबईस गेलेले डबेच परतीची गाडी होऊन येतात. घाटांत एक गाडी सहा तास अडकली कीं दुसऱ्या दिवशींची गाडीहि बुडते. अर्ध्या वाटेवर थांबविलेली गाडी उरलेल्या अर्ध्या वाटेवर तरी वेळेवर धांवते.

तिसरा उपाय वळशाचा, आणि तोच मला मिरजेच्या फलाटावर दिसला. वळसा घ्यावयास दुसरी वाट असावी लागते हें उघड आहे. पण वाट असून भागत नाहीं. पुणें-मिरज-कोल्हापूर हा मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेजचा होता, आणि मिरजेहून लोंढ्याकडील रूळ तर १९९० नंतरच्या दशकांत रुंद झाले. तत्पूर्वीं मुंबईचा डबा या वाटेनें गोव्यास जाणेंच अशक्य होतें. रूळ असूनहि ते परके होते. शिवाय चालकास त्या वाटेवरील चढ, वळणें व सिग्नल यांची ओळख असावी लागते. नसल्यास माहितगार चालक बरोबर द्यावा लागतो. २०१७ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींत राष्टाट येथें नव्या बोगद्याच्या कामामुळें जमीन खचली व ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यांतील मुख्य मार्ग १२ ऑगस्टपासून २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. पलीकडे फ्रान्समध्यें रूळ होते. परंतु ती वाट व ती भाषा जाणणारे चालक पुरेसे नव्हते, म्हणून असंख्य मालगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. एवढ्या प्रगत देशांची ही स्थिति, तर वळसा हें केवळ लोखंडाचें काम नव्हे हें मान्य करावें लागेल. वाट आधीं जुळवून व माणसें आधीं शिकवून ठेवलेलीं असलीं, तरच ती अडचणीच्या दिवशीं उपयोगीं पडते.

आणि वळशाची वाट तरी निर्धोक कोठें असते? २०२१ च्या जुलैंत चिपळूणजवळ वाशिष्ठीला पूर येऊन कोंकणचा मार्ग बंद झाला. तेव्हां मंगळूरहून मुंबईस निघालेली एक गाडी मडगांव, लोंढें, मिरज अशा वाटेनें वळविण्यांत आली. २३ जुलैस दूधसागरच्या घाटांत त्याच गाडीपुढें दरड कोसळली; इंजिन व पहिला डबा रुळांवरून घसरले. सुदैवानें कोणाच्या जिवास अपाय झाला नाहीं आणि प्रवाशांस उरलेल्या डब्यांतून कुळें स्थानकाकडे परत नेण्यांत आलें. कोंकणांतून पळालेल्या गाडीस सह्याद्रीनें घाटांत गांठलें! एकच पाऊस, एकच डोंगर. त्याच्या दोन्ही अंगांच्या वाटा एकाच वेळीं संकटांत सांपडतात.

म्हणून चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा, व तो म्हणजे हळू जाणें आणि वेळीं थांबणें. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना धडकून एक गाडी घसरली व सुमारें ५० प्रवासी मृत्यु पावले. त्यानंतर कोंकण रेल्वेनें कडे बांधले, जाळ्या लावल्या, पावसाळी वेळापत्रकांत वेग कमी केला. मुसळधार पावसांत समोरचें दिसेनासें झालें कीं ताशीं ४० किलोमीटरांवर गाडी नेऊं नये असा दंडक आहे. रात्रभर कंदील व बिनतारी यंत्र घेऊन रुळांवरून चालणारा गस्तीवाला वेळापत्रकांत कोठेंहि छापलेला नसतो. पण पावसाळ्यांतील प्रत्येक गाडी त्याच्या पावलांवर विसंबून असते. कोठें थांबावें हेंहि कळावें लागतें. २७ जुलै २०१९ रोजीं आमची महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरांत अडकली आणि सुमारें १,०५० प्रवाशांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. त्यांत कोल्हापूरचीं किती कुटुंबें होतीं, आणि त्या दिवशीं येथील किती घरांत चूल पेटली नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग संस्थानानें आपल्या खर्चानें बांधला व तो १८९१ मध्यें खुला झाला. ज्यांच्या नांवें आज आमचें स्थानक आहे, त्या शाहू छत्रपतींस राज्याधिकार मिळण्यापूर्वींची ही गोष्ट. सुमारें ४८ किलोमीटरांचा हा फांटा आमचा गूळ, आमचे विद्यार्थी, आमचे रोगी सर्वांस बाहेरच्या जगाशीं जोडतो. पण तो येथें येऊन संपतो. मिरजेस चार दिशा आहेत, कोल्हापुरास एकच. २०१९ च्या ऑगस्टमध्यें व पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी रुकडीच्या पुलाशीं चढलें तेव्हां गाड्या थांबल्या; त्याच वेळीं शिरोलीजवळ महामार्गहि पाण्याखालीं गेला. लाखों वस्तीचें शहर कांहीं दिवस बेटासारखें झालें. ज्यास डायलिसिससाठीं किंवा शस्त्रक्रियेसाठीं पुण्यास जावयाचें होतें, त्यास वळसा नव्हता.

कोल्हापूर-वैभववाडी या सुमारें १०८ किलोमीटरांच्या मार्गाचा प्रस्ताव २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पांत आला. त्यावर अद्याप गाडी धावलेली नाहीं. या मार्गाविषयीं आमच्याकडे जें बोललें जातें, तें बहुधा बंदर व व्यापार यांच्या फायद्याचें असतें. आणि विरोधक विचारतात कीं, एवढ्या खर्चाच्या मार्गावर रोज किती गाड्या धांवणार? मला वाटतें, दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. दुसऱ्या वाटेची किंमत तिच्यावरील रोजच्या गाड्यांनीं मोजतां येत नाहीं. मात्र विरोधकांची दुसरी शंका मला खरोखर अडवते. हा मार्गहि सह्याद्री कापूनच जाणार. नवे कडे तासले जाणार, म्हणजे नव्या दरडींस जागा होणार. दूधसागरचा प्रसंग डोळ्यांपुढें असतां, केवळ दुसरी वाट आहे म्हणून कोल्हापूर निर्भय होईल असें कोणी सांगूं लागल्यास मी त्याचें ऐकणार नाहीं. भोर घाटाच्या वेळीं डोंगराची परीक्षा पूल पडल्यावर झाली. या वेळीं ती कुदळ मारण्यापूर्वीं व्हावी, पाण्याच्या निचऱ्यास व कडे राखण्यास पैसा आरंभींच बाजूस काढावा, आणि रुकडीच्या पुलाची चिंता नव्या मार्गाच्या आशेवर टाकून देऊं नये, एवढें मागण्याचा आम्हांस हक्क आहे.

मिरजेच्या त्या गाडीस सिग्नल मिळाला तेव्हां वृद्ध गृहस्थांनीं पुन्हां विचारलें, "मडगांवास कधीं पोहोंचूं?" मीं म्हटलें, "रात्र होईल; पण पोहोंचाल." त्यांनीं मान हलविली व खिडकीची कांच खालीं ओढली. बाहेर पाऊस पडत होता. माझी पुण्याची गाडी त्या दिवशीं दोन तास उशिरा आली. त्या दोन तासांत मीं कोणाकडेहि तक्रार केली नाहीं.